एक हजार चोवीसच्या आतील खिडक्या



काल याच व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयाविषयी ऐकलेत. उद्या धरणाच्या पाण्याविषयी ऐकणार आहात. या दोहोंच्या मध्ये आमची योजना झाली आहे, आणि आमच्याजवळ सांगण्यासारखे जे आहे ते 'सी' भाषेतील एका ओळीविषयी आहे. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही फोनवर सांगितले, "राखीव पोर्ट." त्यावर ते म्हणाले, "फार उत्तम! आपल्याकडे बंदरांवर अजून कोणी बोललेले नाही. वेंगुर्ल्याचे आणि जयगडचे अवश्य येऊ द्या." तेव्हा पहिल्यानेच सांगून टाकतो की, आज वेंगुर्लेही नाही आणि जयगडही नाही. आमची पोर्ट म्हणजे बंदरे नव्हेत. खिडक्या म्हणाल तर अधिक बरे.

जुन्या टपालकचेरीत आपल्यापैकी पुष्कळजण गेलेले असतील. इमारत एक, पत्ता एक. पण आत गेले की मनिऑर्डरीची खिडकी निराळी, रजिस्ट्रीची निराळी, बचतखात्याची तिसरीच. मनिऑर्डरीच्या खिडकीशी पोस्टकार्ड मागितले तर आतला कारकून मान वर न करता बोटाने पलीकडची खिडकी दाखवी. नेटवर्कला जोडलेला प्रत्येक संगणक ही अशीच एक कचेरी आहे. तिला पत्ता असतो, आणि त्या पत्त्यावर पोहोचल्यावर कोणत्या खिडकीशी जावयाचे त्याचा क्रमांक असतो. हा क्रमांक लिहिण्यासाठी शून्य-एकाची सोळा घरे राखून ठेवली आहेत. सोळा घरांत ० पासून ६५,५३५ पर्यंतचे आकडे मावतात. म्हणून खिडक्या तेवढ्याच. संकेतस्थळ दाखविणारा प्रोग्रॅम ८० व्या खिडकीत बसतो, तेच काम कुलूपबंद करून देणारा ४४३ व्या खिडकीत, टपाल घेणारा २५ व्या, नावांवरून पत्ते सांगणारा ५३ व्या. आपण फोनवर बँकेचे नाव लिहिता तेव्हा ४४३ हा आकडा कोठेही लिहीत नाही. तो ठरलेला आहे म्हणून लिहावा लागत नाही.

कोणी ठरविला? १९७२ साली हे जाळे अमेरिकेतील मोजक्या विद्यापीठांपुरते आणि प्रयोगशाळांपुरते होते. त्या वेळी लॉस एंजेलिस येथील विद्यापीठात काम करणाऱ्या जॉन पोस्टेल या तरुणाने एक छोटे टिपण लिहून सुचविले की, हे क्रमांक वाटून देणारा कोणी एक 'झार' असावा. आणि तो बहुधा आपणच, असे कंसात प्रश्नचिन्हासह घालून ठेवले. लोकांनी मान्य केले. पुढे ऑक्टोबर १९९८ मध्ये मृत्यू येईपर्यंत पोस्टेल यांनी हे काम सांभाळले. जगाच्या व्यवहाराचे क्रमांक एका दाढीवाल्या गृहस्थाच्या वहीत होते म्हणावयास हरकत नाही. आपल्याकडे गावकीत मानपानाची वाटणी एखाद्या वयोवृद्धाच्या स्मरणावर चाले, त्याची आम्हांला आठवण होते.

क्रमांक ठरले, पण त्या खिडकीत बसावे कोणी, हा प्रश्न उरलाच. तो बर्कले येथे सोडविला गेला. १९८३ साली तेथील विद्यापीठातील मंडळींनी युनिक्स या कार्यप्रणालीची ४.२ बीएसडी ही आवृत्ती काढली. आज जगातला जवळजवळ प्रत्येक संगणक नेटवर्कशी ज्या रीतीने बोलतो, ती 'सॉकेट' नावाची रीत त्या आवृत्तीबरोबर सर्वदूर गेली. तिच्यातच एक आकडा लिहून ठेवलेला होता: १०२४. या आकड्याच्या खालची कोणतीही खिडकी उघडावयाची असेल तर उघडणारा 'रूट' पाहिजे.

रूट म्हणजे काय तेही सांगितले पाहिजे. युनिक्सच्या घरात माणसे पुष्कळ, प्रत्येकाची खोली निराळी, आणि एकाच्या खोलीत दुसऱ्याने शिरावयाचे नाही. अपवाद एकाचा. वापरकर्ता क्रमांक शून्य, नाव रूट. किल्ल्यांचा सगळा जुडगा त्याच्या कमरेला. कोणाचेही कागद तो वाचू शकतो, बदलू शकतो, जाळू शकतो. त्याला विचारणारा कोणी नाही. वाड्यातले जुने कारभारी असत तसे, फक्त मालक कोणीच नाही.

आता १९८३ चे चित्र डोळ्यांपुढे आणा. एक मोठा संगणक, आणि त्याच्यावर शेकडो विद्यार्थ्यांची खाती. दूरवरून येणारा माणूस २३ व्या खिडकीशी येऊन आपले नाव आणि परवलीचा शब्द सांगे. एखाद्या वात्रट विद्यार्थ्याने, खरा कारकून क्षणभर उठला आहे असे पाहून, त्या खिडकीत स्वतःचा प्रोग्रॅम बसविला असता तर? येणारे परवलीचे शब्द सगळे त्याच्या वहीत. १०२४ च्या नियमाने हे बंद झाले. हा नियमाचा पहिला उपयोग. तो कोणालाही पटेल.

दुसरा उपयोग अधिक नवलाचा होता. बर्कलेच्या मंडळींनी एका संगणकावरून दुसऱ्यावर परवलीचा शब्द न सांगता जाण्याची सोय केली होती. 'आरलॉगिन' आणि 'आरएसएच' ही त्या प्रोग्रॅमांची नावे, ५१३ आणि ५१४ त्यांच्या खिडक्या. तुम्ही पलीकडच्या संगणकाला म्हणावयाचे, "मी अमुक." त्याने विश्वास का ठेवावा? तर त्याने एवढेच पाहावयाचे की, विचारणारा स्वतः १०२४ च्या आतल्या खिडकीतून बोलतो आहे का. तसे असेल तर त्याला तिकडच्या रूटने बसविलेले आहे. रूट हा जबाबदार गृहस्थ. सबब त्याने सांगितलेले नाव खरे. म्हणजे ही जामीनकी झाली. माणूस ओळखीचा नाही, पण ज्या घरातून आला त्या घरच्या कारभाऱ्याची आमची ओळख आहे, एवढ्यावर पाहुण्याला आत घ्यावयाचे.

गाव लहान असते तोवर ही जामीनकी चालते. कारभारी एकमेकांना नावाने ओळखत. पण लवकरच जो तो स्वतःचा संगणक विकत घेऊ लागला, आणि स्वतःच्या संगणकावर प्रत्येकजण रूट असतो! पाचशे रुपयांना कोणीही कारभाऱ्याचा शिक्का करून घ्यावा, तशी गत झाली. १९८५ साली बेल प्रयोगशाळेत रॉबर्ट मॉरिस या तरुणाने एक छोटा लेख लिहून दाखविले की, विश्वासातल्या संगणकाचा पत्ताच खोटा सांगून या सोयीतून आत शिरता येते. १९८९ मध्ये स्टीव्हन बेलोविन यांनी या साऱ्या दोषांची विस्ताराने चर्चा केली. या दोहोंच्या मधे, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, त्याच मॉरिसने सोडलेला प्रोग्रॅम अमेरिकेतील हजारो संगणकांवर कीड पसरावी तसा पसरला. इशारा देणारा आणि कीड सोडणारा एकच, हे आम्हांला नेहमी विलक्षण वाटते.

त्या किडीचे मार्ग पाहण्यासारखे आहेत. टपालाची २५ वी खिडकी, 'फिंगर' नावाच्या चौकशीची ७९ वी, आणि दुसऱ्याच्या संगणकावर काम करवून घेणाऱ्या ५१२ व ५१४. चारही १०२४ च्या आत! पहारा होता तो खिडकीत कोणी बसावे याचा. बसलेला कारकून किती भोळा आहे याचा नव्हे. फिंगरच्या कारकुनाने ५१२ बाइटांची जागा राखली होती, आणि येणारा मजकूर न मोजता तो तीत ओतून घेई. ज्या 'गेट्स' या फंक्शनने हे घडले, ते सी भाषेच्या प्रमाणग्रंथातून २०११ साली काढून टाकण्यात आले. तेवीस वर्षे लागली. आमच्या नगरपालिकेवर आपण उगीच रागावतो.

आता त्या ओळीकडे येतो. सी भाषेत खिडकी उघडावयाची म्हणजे चार पायऱ्या. 'सॉकेट' म्हटले की कर्नेल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, आपल्या हाती एक कोरा आकडा ठेवतो. 'बाइंड' म्हटले की त्या आकड्याला पत्ता आणि खिडकीचा क्रमांक बांधला जातो. 'लिसन' म्हटले की रांग लावावयास परवानगी. 'अ‍ॅक्सेप्ट' म्हटले की रांगेतला पहिला गिऱ्हाईक पुढे. या चारांपैकी रूटपणाची चौकशी एकाच ठिकाणी होते, बाइंडपाशी. सामान्य वापरकर्त्याने ८० क्रमांक मागितला तर बाइंड उणे एक परत देतो, आणि चुकीचा क्रमांक पाहावा तर लिनक्सवर तेरा: 'परवानगी नाही'. बाइंड एकदा पार पडला की पुढे लिसनला रूट लागत नाही, अ‍ॅक्सेप्टला लागत नाही; वाचण्यालिहिण्यासही लागत नाही. ही गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवा. सगळे पुढचे भांडण तिच्यावर आहे.

येथे एक गमतीचा प्रसंग सांगतो. आमच्याकडे शिकावयास येणारा एक मुलगा एके दिवशी धावत आला. "सर, मी रूट न होता ८० क्रमांक उघडला!" आम्ही चकित झालो. पाहतो तो त्याने 'एचटॉन्स' हा संस्कार विसरला होता. नेटवर्कवर आकड्याचा मोठा भाग आधी लिहितात. आपल्या टेबलावरचे बहुतेक संगणक लहान भाग आधी लिहितात. म्हणून क्रमांक देताना तो उलटवून द्यावा लागतो. मुलाने ८० तसाच दिला. कर्नेलने तो उलट वाचला, आणि तो झाला २०,४८०. ती खिडकी कोणालाही मोकळी आहे, तेव्हा कर्नेलने हरकत घेण्याचे कारणच नव्हते. मुलगा ८० ची पाटी रंगवून मागच्या बोळात दुकान मांडून बसला होता, आणि गिऱ्हाईक का येत नाही याचा विचार करीत होता.

असो. तेरा नंबरची 'परवानगी नाही' आली की नवशिका काय करतो? प्रोग्रॅम रूट म्हणून चालवितो. एकच शब्द आधी जोडावा लागतो, आणि सर्व सुरळीत चालते. आता आमची स्वतःची गोष्ट सांगावी की न सांगावी, याचा आम्ही बरेच दिवस विचार केला. सांगतो.

२००९ साली शेजारच्या तालुक्यातील एका वाचनालयासाठी आम्ही पुस्तकांची यादी दाखविणारा प्रोग्रॅम लिहून दिला. फुकट दिला, आणि सी भाषेत लिहिला, कारण त्या वेळी आम्हांला तिचा फार अभिमान होता. सभासदांनी घरबसल्या पुस्तक आहे की नाही ते पाहावे, अशी योजना. ८०८० क्रमांकावर चालविला असता तर रूटची गरज नव्हती. पण सभासदांना पत्त्यापुढे आकडा लिहावयास लावणे कार्यकारी मंडळाला पसंत पडेना. म्हणून ८०. म्हणून रूट. भाड्याच्या संगणकावर आम्ही तो रूट म्हणून सुरू केला आणि तसाच ठेवला. पुस्तकाचे मुखपृष्ठ मागितले की प्रोग्रॅम चित्रांच्या कप्प्यातून ती फाइल काढून पाठवी. मागणाऱ्याने नावात दोन टिंबे आणि एक तिरकी रेघ घातली तर कप्प्याच्या बाहेर एक पायरी वर जाता येते, हे आम्हांला ठाऊक होते. तपासणी लिहावयाची राहिली होती.

एके रात्री कोणीतरी, कोठून ते कधीच कळले नाही, दोन टिंबे आणि तिरकी रेघ अशी पुष्कळ वेळा लिहून अगदी वरपर्यंत गेला, आणि तेथून खाली उतरून 'शॅडो' नावाची फाइल मागितली. या फाइलीत सर्व खात्यांचे परवलीचे शब्द, पिळून ओळखू न येतील अशा रूपात, ठेवलेले असतात. ती रूटखेरीज सामान्य कोणाला वाचता येत नाही. आमचा प्रोग्रॅम रूट होता. त्याने ती मुखपृष्ठ समजून नम्रपणे पाठवून दिली.

पिळलेल्या शब्दांतून एक त्याने उलगडला. तो सोपाच होता. खाते ग्रंथपालबाईंचे होते. दोन दिवसांनी त्या खात्यातून कोणाकडे कोणते पुस्तक गेले आहे ही सगळी नोंद पुसली गेली. आणि नोंदीवर नाव बाईंचे! बावीस वर्षे नोकरी झालेल्या बाई. मंडळाने त्यांच्याकडे लेखी खुलासा मागितला. दोन सभासदांनी, बाईंच्या घरी कोणकोणती पुस्तके आहेत ते एकदा पाहून घ्यावे, असे सभेत बोलून दाखविले. अकरा दिवस हे चालले. आम्हांला कोणी विचारले नाही, कारण प्रोग्रॅम तर व्यवस्थित चालू होता. अकराव्या दिवशी आम्ही सहज येण्याजाण्याची नोंदवही उघडली, आणि मुखपृष्ठांच्या मागण्यांत ती टिंबांची लांब माळ दिसली.

आम्ही मंडळापुढे जाऊन सांगितले. बाई काही बोलल्या नाहीत. कपाटातून त्यांनी एक निळ्या पुठ्ठ्याची वही काढून टेबलावर ठेवली. आमचा संगणक आल्या दिवसापासून त्या सगळ्या नोंदी हातानेही लिहून ठेवीत होत्या. "विश्वास नव्हता असे नाही," एवढेच म्हणाल्या. पुसलेली नोंद त्या वहीवरून पुन्हा उतरविली.

आता यात आमच्या चुका दोन. टिंबांची तपासणी राहिली ही पहिली; तशा चुका सर्वांच्या होतात, आजही होत आहेत. दुसरी रूटची. प्रोग्रॅम सामान्य वापरकर्ता म्हणून चालत असता, तर त्या रात्री शॅडो फाइल उघडावयास जाताच कर्नेलने काय म्हटले असते? तेरा. परवानगी नाही. ८० मागताना जो आकडा पाहून आम्ही चिडलो होतो, तोच आकडा त्या रात्री बाईंच्या बाजूने उभा राहिला असता. आम्हीच त्याला रजा दिली होती.

उपाय जुनाच आहे, आणि प्रत्येक शहाणा प्रोग्रॅम तो करतो. रूट म्हणून सुरू व्हावे, बाइंड करावे, आणि खिडकी हाती आली की तत्काळ रूटपण टाकून द्यावे. अपाची हा संकेतस्थळे वाढणारा प्रसिद्ध प्रोग्रॅम पाहा: त्याचा यजमान रूट असतो, पण गिऱ्हाइकांशी प्रत्यक्ष बोलणारी त्याची मुले सामान्य खात्यावर चालतात. टाकण्याला मात्र क्रम आहे. आधी जादा गटांची यादी रिकामी करावी, मग मुख्य गट बदलावा, आणि सर्वांत शेवटी 'सेटयूआयडी' म्हणून स्वतःचा क्रमांक बदलावा. क्रम चुकवून आधी स्वतःचा क्रमांक बदललात तर गट बदलण्याचा अधिकारच उरत नाही, आणि रूटच्या गटाचे उपरणे खांद्यावर तसेच राहते. 'सेटईयूआयडी' नावाचे एक दिसावयास तसलेच फंक्शन आहे; त्याने रूटपण सुटत नाही, फक्त खिशात जाते. किल्ली बाहेरच्या माणसाच्या हवाली करणे निराळे, आणि पायपुसण्याखाली ठेवणे निराळे. शिरलेला चोर पायपुसणे उचलून पाहतोच.

आणखी एक. टाकले म्हणजे टाकले गेलेच असे समजू नये. परत आलेले उत्तर पाहावे. २००० साली लिनक्सच्या २.२.१५ पर्यंतच्या कर्नेलांत एक दोष सापडला. त्याचा फायदा घेऊन सामान्य वापरकर्ता अशी परिस्थिती निर्माण करू शके की, 'सेंडमेल' हा टपालाचा प्रोग्रॅम सेटयूआयडी म्हणे, पण रूटपण सुटतच नसे. सेंडमेलला वाटे आपण सोवळे उतरविले. अंगावर ते तसेच. पुढच्या आवृत्तीत कर्नेल दुरुस्त झाला. तेव्हापासून आम्ही आमच्या प्रोग्रॅमात टाकून झाल्यावर मुद्दाम पुन्हा रूट होण्याचा प्रयत्न करतो, आणि तो यशस्वी झाला तर तेथल्या तेथे प्रोग्रॅम बंद करतो. यशस्वी झाला तर बंद! आमच्या धंद्यात असे क्वचितच करावे लागते.

याहून चांगली वाट म्हणजे जुडगा हातात न घेणे. लिनक्सने १९९९ च्या २.२ आवृत्तीपासून रूटच्या सर्वाधिकाराचे तुकडे पाडले. त्यांतला दहाव्या क्रमांकाचा तुकडा फक्त राखीव खिडकी उघडण्याचा. २००८ च्या जानेवारीत आलेल्या २.६.२४ पासून हा तुकडा एखाद्या प्रोग्रॅमच्या फाइलीलाच बांधता येतो. म्हणजे जुडग्यातून एक किल्ली काढून दिली. दुसरी वाट अशी की, सकाळी शिपायाने खिडकी उघडून ठेवावी आणि कारकुनाने नुसते येऊन बसावे. बर्कलेचा 'आयनेटडी' हे १९८६ च्या सुमारास करीत होता. आजच्या लिनक्सवर 'सिस्टमडी' करतो. उघडलेली खिडकी तो प्रोग्रॅमच्या हाती तीन क्रमांकाचा आकडा म्हणून ठेवतो. प्रोग्रॅमला बाइंड म्हणावेच लागत नाही. कोणी बसो, रूटला तो ओळखतही नाही.

आपण विचाराल, इतकी यातायात करण्यापेक्षा नियमच का काढून टाकीत नाही? पुष्कळांनी काढलाच आहे. ज्या कार्यप्रणालीचे नावच खिडक्यांवरून पडले, त्या विंडोजने असा पहारा कधी बसविला नाही. अ‍ॅपलच्या मॅकवर २०१८ च्या मोजाव्हे आवृत्तीपासून, सर्व पत्त्यांवर एकदम ऐकणाऱ्या प्रोग्रॅमला १०२४ ची अट राहिली नाही. लिनक्समध्ये २०१७ च्या ४.११ पासून ही मर्यादा मालकाला हवी तेथे सरकविता येते. डॉकरने २०२० च्या अखेरीपासून आपल्या डब्यांच्या आत ती शून्यावर आणली. डब्यात एकच प्रोग्रॅम राहतो. तेथे पहारा कोणी कोणावर ठेवावयाचा?

आमचे मत मात्र एवढे सरळ नाही. जामीनकी कागदावरून खोडण्यापूर्वी तिच्यावर कोण टेकून बसले आहे ते पाहावे लागते. एनएफएस नावाची, एका संगणकाची कपाटे दुसऱ्याला वापरू देणारी सोय आहे. लिनक्सवर ती आजही, कोणी निराळे सांगितले नाही तर, मागणारा १०२४ च्या आतून बोलतो आहे की नाही हे पाहते. ती मॉरिसच्या लेखापूर्वीचीच समजूत. तिला म्हातारपणाची खोड म्हणून सोडून द्या. पण दुसरे उदाहरण अगदी आजचे आहे. आपल्या फोनवर बँकेचे पान जे कुलूपबंद होऊन येते, त्यासाठी प्रमाणपत्र लागते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था अशी प्रमाणपत्रे मोफत देते. हे नाव तुमचेच कशावरून, असे ती विचारते, आणि पटविण्याचा एक मार्ग असा की, तिने दिलेली खुणेची चिठ्ठी तुम्ही आपल्या ८० व्या खिडकीत लावावयाची. ८० व्याच! ८०८० व्या लावून चालत नाही. का, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. ८० वी खिडकी उघडणारा तो त्या घराचा कारभारीच असणार, या १९८३ च्या समजुतीवर आजचे कुलूपही टेकलेले आहे. एकाच संगणकावर पाच-पन्नास लोकांची खाती आहेत, मालकाने मर्यादा शून्यावर सरकवली आहे, आणि खरा कारकून क्षणभर उठला आहे. अशा वेळी त्यांतला कोणीही दुसऱ्याच्या नावाचे प्रमाणपत्र काढू शकेल. बर्कलेचा वात्रट विद्यार्थी अजून त्या खिडकीशी घुटमळत उभा आहे.

म्हणून ज्याच्या संगणकावर एकच रहिवासी आहे त्याने मर्यादा खुशाल सरकवावी. आम्ही स्वतः तसे केलेले आहे. जेथे बिऱ्हाडे पुष्कळ, तेथे मात्र पहारा राहू द्यावा आणि एक किल्ली काढून द्यावी. वाचनालयाचा प्रोग्रॅम आम्ही दुसऱ्याच आठवड्यात बदलला. तो आता 'वाचक' नावाच्या खात्यावर चालतो, आणि त्या खात्याला मुखपृष्ठांखेरीज काहीही वाचता येत नाही. त्या मंडळाच्या पुढच्या सभेत बाईंचा खुलासा दप्तरी दाखल करून घेतला, असा एका ओळीचा ठराव झाला. दिलगिरीचा शब्द त्यात नव्हता. बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. निळी वही त्यांच्या जागी आलेल्या मुलीने चालू ठेवली आहे, असे परवा कळले.

आत्ताच पहिल्या रांगेतून एक चिठ्ठी आली आहे. विचारले आहे, "शून्य क्रमांकाची खिडकी कोणाची?" प्रश्न मार्मिक आहे. शून्य हा १०२४ हून लहान, तेव्हा नियमाप्रमाणे तेथे रूटच पाहिजे. पण बाइंडला शून्य दिला की कर्नेल त्याचा अर्थ असा घेतो की, मागणाऱ्याला कोणतीही मोकळी खिडकी चालेल. आणि तो वरच्या मजल्यावरची, लिनक्सवर निराळे काही ठरविलेले नसल्यास ३२,७६८ ते ६०,९९९ यांच्यामधली, एखादी काढून देतो. रूट आहेस का, असे तो विचारीतही नाही.